भुंगा

आमच्या भागात गोंगाटाला 'गद्दल' म्हणतात. शब्द कन्नड आहे. पण सीमेवरच्या मराठी घरांत तो इतका मुरला आहे की, तो मूळचा आपला नव्हे हे आम्हांला सरकारी नोकरीत शिरून कचेरीतील कन्नड सहकाऱ्यांच्या तोंडून तो ऐकेपर्यंत ठाऊक नव्हते. गद्दल माणसांची असते, बाजाराची असते, लग्नघराची असते. यंत्राचा जो एकसुरी, न थांबणारा घोष असतो त्याला गद्दल म्हणता येत नाही. त्यासाठी आमच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, वेगळाच शब्द योजला. "तुझा तो भुंगा बंद कर की आधी," असे ती गेल्या पावसाळ्यात आमच्या खोलीच्या उंबऱ्यातूनच म्हणाली, आणि त्या एका वाक्याने आमचे पुढचे तीन महिने व्यापले.

हा भुंगा म्हणजे आमच्या चिरंजीवांचा जुना संगणक. २०११ च्या अखेरीस, ते बेळगावात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असताना, अभ्यासासाठी म्हणून घेतलेला आणि बंदुकांच्या खेळांसाठी वापरलेला. त्याच वर्षी बाजारात आलेला इंटेलचा कोअर आय-५ २५०० के हा प्रोसेसर, एनव्हिडियाचे जीटीएक्स ५६० टीआय हे ग्राफिक्स कार्ड, निळे दिवे लावलेले पंखे आणि आतले सारे वैभव दिसावे म्हणून एका बाजूला पारदर्शक झाकण. प्रोसेसरची मर्यादा ९५ वॅटची, तर कार्डाची १७० वॅटची. ही सारी वीज अखेरीस उष्णताच होते, आणि ती कॅबिनेटबाहेर लोटण्यासाठी सहा पंखे राबत. टिळकवाडीतील भाड्याच्या घरात चिरंजीवांच्या खोलीचे दार लावले तरी लढाई सुरू आहे की तह झाला आहे, हे आम्हांला दिवाणखान्यात बसून पंख्यांच्या आवाजावरून कळत असे.

२०१५ साली चिरंजीव बेंगळूरला गेले. २०१९ मध्ये आम्ही सेवानिवृत्त झालो आणि निपाणीच्या वडिलोपार्जित घरी परतलो. सामानाबरोबर संगणकही आला. तो टाकून द्यावा, असा घरातील बहुमताचा कौल होता. परंतु छत्तीस वर्षे लेखा विभागात काढलेल्या माणसाला वस्तू 'निरुपयोगी' म्हणून निर्लेखित करताना हात आखडतो. दुरुस्ती शक्य आहे काय, त्यास खर्च किती, नवीन वस्तूची किंमत किती, हे तीन रकाने भरल्याशिवाय आम्ही सरकारची मोडकी खुर्चीही कधी निकालात काढली नव्हती. चिरंजीवांनी तळहाताएवढा नवा संगणक पाठवून देण्याची तयारी दाखवली होती. आम्ही नको म्हणालो. त्यात काटकसर किती आणि हट्ट किती, हे आमच्या सौभाग्यवती आमच्यापेक्षा अचूक सांगू शकतील.

या संगणकाला आम्ही एक काम नेमून दिले होते. १९८७ साली, गणपतीच्या रजेत, आम्ही आईला जात्यावर बसवून तिच्या ओव्या टेप केल्या होत्या. घरात पीठ गिरणीतून येऊ लागल्याला तेव्हा कितीतरी वर्षे लोटली होती आणि जाते माजघराच्या कोपऱ्यात उभे करून ठेवलेले होते. शेजारच्या काकूंना जोडीला घेऊन, "काय वेडेपणा," असे म्हणत आई बसली, आणि मग दोन तास उठली नाही. साठ मिनिटांच्या दोन कॅसेटी भरल्या. १९९४ मध्ये आई गेली. काकूही आता नाहीत. डॉ. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीमार्फत अशा ओव्यांचे संग्रह काढले; हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी तर खेड्यापाड्यांतील बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या महासागरात आमच्या आईच्या साठ-सत्तर ओव्यांचे स्थान काय, हा प्रश्न रास्त आहे. पण त्या ओव्यांत आमच्या आजोळच्या माणसांची नावे आहेत आणि निपाणीच्या बोलीतले, अर्धे कन्नड, अर्धे मराठी असे शब्द आहेत. ते लिहून ठेवायचे तर सांगणारे माणूस आता एकच उरले आहे. ती अक्का. वय ऐंशी, वास्तव्य गडहिंग्लज, उजव्या कानात श्रवणयंत्र.

कॅसेटीचा आवाज संगणकात उतरवून घेणे फारसे अवघड नव्हते. टू-इन-वनमधून एक तार संगणकाला जोडायची आणि ऑडॅसिटी नावाचा विनामूल्य प्रोग्रॅम चालू करायचा. कॅसेट जितका वेळ वाजेल तितका वेळ बसून राहायचे. घोटाळा पुढे झाला. फितीवर सळसळ होती, जात्याची घरघर होती आणि त्यांच्या आड आईचा आवाज होता. या प्रोग्रॅममध्ये गोंगाट घालवण्याची एक सोय आहे. कुणी गात नसेल असा एखादा क्षण निवडून 'हा गोंगाट' असे त्याला दाखवून द्यायचे. मग तो साऱ्या फितीतून त्या जातीचा ध्वनी वजा करतो. आम्ही उत्साहाने जाते वजा केले. उरला तो आईचा आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा येऊ लागला, शब्दांच्या कडा झिजल्या, आणि दोन ओव्यांच्या मधला तिचा श्वास तर नाहीसाच झाला. ती जात्याच्या लयीवर गात होती. जाते काढल्यावर ती कशावर गात होती, तेच कळेना. आम्ही ती वजाबाकी रद्द केली. फितीतला आवाज फितीत राहू द्यावा आणि खोलीतला तेवढा घालवावा, इतके तेव्हा ठरले. मात्र तो कसा घालवायचा, हे ठरले नाही.

अक्का आली आणि ही अडचण तातडीची झाली. म्हातारपणी कान जातात तेव्हा आधी वरच्या पट्टीतले ध्वनी जातात. स, त, क यांसारखी व्यंजने पुसट होतात. माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. त्यात खोलीत खालच्या पट्टीचा अखंड घोष असला की तो वरचे ध्वनी आणखी झाकून टाकतो. श्रवणयंत्र तर आईच्या ओवीबरोबर भुंग्यालाही मोठे करून कानात सोडते. अक्का दोन ओव्या ऐके, कपाळाला हात लावी आणि यंत्र कानातून काढून पदराला पुसत बसे.

कोणी म्हणेल, संगणक बंद करावा आणि फोनवर ऐकवावे. चिरंजीवांनीही तेच सुचवले. परंतु हे काम नुसते ऐकण्याचे नव्हते. तीन सेकंदांचा तुकडा दहा वेळा लावायचा, कधी वेग कमी करून लावायचा, प्रत्येक ओवीला क्रमांक द्यायचा, आणि अक्का जे सांगेल ते मायक्रोफोनवर टिपत टिपत टंकलिखित करायचे. फोनच्या इवल्या पडद्यावर हे सारे आमच्या बोटांना आणि चष्म्याला झेपणारे नव्हते.

तेव्हा आम्ही एक शक्कल लढवली. घरात आईच्या हातची एक जाड वाकळ होती. ती कॅबिनेटभोवती तिन्ही बाजूंनी लपेटली आणि पुढून एक उशी टेकवली. भुंगा निम्म्याने खाली आला. आमची स्वतःवरची खुशी सुमारे चाळीस मिनिटे टिकली. आम्ही पहिल्या कॅसेटीच्या पहिल्या बाजूच्या शेवटी आलो होतो. तिथे सत्ताविसाव्या ओवीची पहिली ओळ आहे आणि दुसऱ्या ओळीच्या आरंभीच फीत संपते. १९८७ मध्ये कॅसेट उलटेपर्यंत आईची ती ओळ गाऊन झाली होती. आम्ही तो तुकडा चौथ्यांदा लावला, आणि पडदा काळा झाला. वाकळीत गुदमरलेल्या यंत्राने स्वतःला वाचवण्यासाठी स्वतःच डोळे मिटले होते.

सहाही पंखे थांबले. खोलीत अशी शांतता पसरली की, कौलांवरून ओघळणारे पागोळ्यांचे पाणी ऐकू यावे. अक्काला वाटले, आम्ही अखेर भुंगा बंद केला. तिने मान वर केली, भिंतीकडे पाहिले आणि ती सत्ताविसावी ओवी गायली. पहिली ओळ, मग दुसरी ओळ. आईच्याच चालीवर, ओळीच्या शेवटी आई घेई तो हेलकावा घेऊन. मायक्रोफोन मृत होता. आमचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता. उठावे तर ती थांबेल, न उठावे तर ओळ जाईल. आम्ही उठलो नाही. लिहूनही घेतले नाही, तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. माहेरवाट पाहणारी बहीण आणि तवंदीचा घाट चढून येणारा भाऊ, एवढाच आशय आमच्या ध्यानी राहिला. गाणे संपताच आम्ही धावत जाऊन फोन आणला आणि पुन्हा म्हणण्याची विनवणी केली. अक्काने दोनदा ओठ हलवले. "मघाशी आलं ते आलं रे. आता कुठनं आणू?" एवढे बोलून ती चहाचे पाहायला उठली.

ती गडहिंग्लजला परतली त्याच आठवड्यात आम्ही कॅबिनेट उघडले. पारदर्शक झाकण बाजूला होताच आम्हांला आणि सौभाग्यवतींना एकाच वेळी शिंका आल्या. आमच्या घरामागे तंबाखूची वखार आहे. हंगामात जर्दा चाळताना उडणारी भुकटी खिडक्या लावल्या तरी घरात येते. निपाणीकर माणूस त्या वासात जन्मतो, म्हणून त्याला तो जाणवत नाही. संगणकाची गोष्ट वेगळी. हीटसिंकच्या पात्यांमध्ये बेळगावची तांबडी धूळ तळाला आणि निपाणीची तंबाखू वरती, असा आमच्या बदल्यांचा इतिहास थरांथरांनी बसला होता. थंड हवा आत शिरायला वाटच नव्हती, म्हणून पंखे पूर्ण वेगाने धावत आणि म्हणून भुंगा. ब्रश, ब्लोअर आणि संयम या तीन साधनांनी दोन दुपारी खर्ची पडल्या. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकून चुन्यासारखी झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावली. आवाज कमी झाला, पण पुरेसा नाही. मग आम्ही घाईघाईने पुढचा एक पंखा बदलला. फरक शून्य.

इथे आम्हांला आमचा जुना व्यवसाय आठवला. खर्च आवरायचा असेल तर आधी कोणत्या शीर्षाखाली किती जातो ते काढावे लागते. सहा पंख्यांच्या गोंगाटातून एक सामान्य पंखा वगळला तर कानाला काही कळत नाही, कारण आवाजांची बेरीज साधी नसते. सारखेच दोन आवाज एकत्र आले तर वाढ होते ती अवघी ३ डेसिबलची. आणि आवाज निम्मा झाला असे कानाला वाटण्यासाठी तो सुमारे १० डेसिबलने उतरावा लागतो. (डेसिबलमधला बेल म्हणजे टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल. त्यांची आई आणि पत्नी दोघींनाही ऐकू येत नसे. मोजमापाला त्यांचे नाव देणाऱ्यांनी हा विचार केला होता की नाही, कोण जाणे.) आम्ही एकेक पंखा क्षणभर थांबवून पाहिला आणि वहीत नोंद केली. सर्वांत मोठा उधळ्या निघाला ग्राफिक्स कार्डाचा पंखा. त्याचे बेअरिंग झिजले होते. दुसरा एसएमपीएसचा. तिसरी हार्ड डिस्क, जिच्यावर आमचा संशयही नव्हता. ती मिनिटाला ७२०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला १२०; तो सूर हार्मोनियमच्या खालच्या सप्तकातील पांढऱ्या सातच्या किंचित खाली पडतो आणि डिस्क ज्या पत्र्याला जखडलेली असते तो पत्रा तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखा त्याला साथ देतो.

ही यादी घेऊन आम्ही बसने बेळगावला गेलो. खडेबाजाराजवळच्या ज्या दुकानात गेलो तिथला तरुण यादी वाचून म्हणाला, "सर, गेम खेळता काय अजून?" आम्ही नाही म्हणालो. "मग ग्राफिक्स कार्ड कशाला ठेवलंय?" आम्ही त्याच्याकडे पाहतच राहिलो. त्या प्रोसेसरच्या पोटातच चित्र दाखवण्यापुरती सोय असते. सर्वच जुन्या मदरबोर्डांवर ती बाहेर आणणारे छिद्र नसते. सुदैवाने आमच्या बोर्डावर होते. म्हणजे सर्वांत गोंगाटी पंखा बदलण्याची गरजच नव्हती. तो त्याच्या १७० वॅटच्या धन्यासकट काढून ठेवायचा होता. सुधारणा म्हणजे काहीतरी जोडणे, अशी आमची समजूत होती, आणि आम्ही त्या कार्डासाठी नवा पंखा शोधत दोन आठवडे घालवले होते.

बाकी खरेदी अशी झाली. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, ज्यात फिरणारा भागच नसतो. भार कमी असेल तेव्हा ज्याचा पंखा फिरतच नाही असा एसएमपीएस. (जुना एसएमपीएस उघडून त्याचा पंखा बदलण्याचा आमचा बेत त्या तरुणाने हाणून पाडला, आणि ते बरेच झाले, तार काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतकी वीज शिल्लक राहू शकते.) प्रोसेसरवर उंच हीटसिंकचा कूलर. आणि मागच्या बाजूला १२० मिलिमीटरचा एक ऑस्ट्रियन पंखा, नॉक्टुआ कंपनीचा. पंख्याचे गणित आम्हांला फार आवडले. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने खाली येतो. म्हणून लहान पंखा जोरात फिरवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवणे केव्हाही श्रेयस्कर. या पंख्याचा रंग पाहून सौभाग्यवतींनी नाक मुरडले. तो तपकिरी आहे. आम्ही त्यांच्या ध्यानी आणून दिले की, तपकिरी हा शब्दच मुळी तपकिरीवरून आला आहे आणि तपकीर तंबाखूपासून होते. तेव्हा निपाणीतील घराला याहून शोभेल असा रंग दुसरा नाही. एकूण खर्च अकरा हजारांच्या आत बसला. आम्ही तिन्ही रकाने भरले आणि 'दुरुस्ती योग्य' असा शेरा मारला.

बाजूचा निळा पंखा काढून टाकला. पुढचा पंखा रबराच्या गुट्ट्यांवर बसवला, म्हणजे त्याची थरथर पत्र्यापर्यंत पोचू नये. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अशा वयाच्या प्रोसेसरला अधिकृतरीत्या स्वीकारत नाही, म्हणून चिरंजीवांनी सुट्टीत येऊन लिनक्स मिंट बसवून दिले. मराठी टंकलेखन आणि ऑडॅसिटी दोन्ही त्यावर चालतात. पंख्यांचा वेग तापमानाप्रमाणे ठरवण्याची सोय संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये असते. तिथे आम्ही सायंकाळभर बसून, यंत्र तापेल पण कण्हणार नाही, असा वेग शोधून काढला. मिनिटाला सुमारे सहाशे फेऱ्या. टंकलेखन आणि ध्वनीचे काम करताना प्रोसेसर चाळीस-बेचाळीस अंशांवर राहतो. काढलेले ग्राफिक्स कार्ड चिरंजीवांनी हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट करून पाहिले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतःबरोबर बेंगळूरला नेले. तिथे त्याचे ते काय करणार, हे आम्ही विचारले नाही.

अक्का दिवाळीनंतर आली. खुर्चीवर बसली, यंत्र कानात बसवले आणि थोडा वेळ वाट पाहून म्हणाली, "वीज गेली काय रे?" आम्ही पडद्याकडे बोट दाखवले. मग आईचा आवाज लावला. अक्काने हात उचलून आम्हांला थांबवले आणि तोच तुकडा पुन्हा लावायला सांगितला. जात्याच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा 'टक्' असा आवाज येतो. तो फितीतला दोष आहे अशी नोंद आम्ही वहीत करून ठेवली होती. "खुंटा सैल होता जात्याचा," अक्का म्हणाली. "अण्णा दर दसऱ्याला चिंधी घालून घट्ट करून द्यायचे." आम्ही नोंद खोडली. त्यानंतर जोडीच्या आवाजातल्या काकू कुठे मागे पडतात आणि आई त्यांच्यासाठी कुठे थांबते, हेही तिने दाखवले. ज्या शब्दाला आम्ही महिनाभर 'हळद' समजत होतो तो 'हळ्ळ' निघाला, कन्नडमधला ओढा. आजोळच्या गावाबाहेर तो अजून वाहतो. दोन दिवसांत पहिल्या कॅसेटीची पहिली बाजू शब्दन् शब्द लिहून झाली.

तिसऱ्या दिवशी आम्ही सत्ताविसाव्या ओवीपाशी आलो. मायक्रोफोन चालू होता, फोनही शेजारी चालू ठेवला होता. पहिली ओळ झाली, फीत संपल्याचा खट्ट आवाज आला. अक्काने डोळे मिटले. खोलीत पंखा ऐकू येत नव्हता, पाऊसही नव्हता. मागच्या वखारीत कुणीतरी पोती सरकवीत होते, तेवढेच. आम्ही पेन हातात धरून बसलो. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले.

"नाही येत," ती म्हणाली. "पुढची लाव."

आम्ही वहीत सत्तावीस आकड्यासमोर एक ओळ मोकळी सोडली आणि पुढची लावली.